आजोबांच्या गड्ड्याच्या सीडीसाठी परत डीव्हीडी ड्राइव्ह बसवला

डिसेंबरात माळा आवरायला काढला तर बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात सीड्या निघाल्या, मोजल्या तर 43. ताईचं लग्न, दोन बारशी, शाळेच्या गॅदरिंगच्या, कॉलेजात असताना मीच राइट केलेल्या गाण्यांच्या, आणि एकीवर कागदी स्टिकर लावून आण्णांच्या, म्हणजे माझ्या वडलांच्या अक्षरात लिहिलेलं, 'गड्डा 2003'. गड्डा म्हणजे आमच्या सोलापूरची सिद्धेश्वराची संक्रांतीतली यात्रा. त्या सीडीत आमचे आजोबा आहेत. पांढरी बाराबंदी घालून नंदीध्वजांच्या, म्हणजे यात्रेतल्या उंच सजवलेल्या काठ्यांच्या मिरवणुकीत चालताना गल्लीतल्या स्टुडिओवाल्यानं शूटिंग केलेलं, त्याच्याकडून व्हिडिओ सीडी करून घेतलेली. आजोबा 2009 ला गेले आणि त्यांचा चालता बोलता व्हिडिओ घरात हा एवढाच. आण्णा ती सीडी हातात धरून बराच वेळ बसले, मग म्हणाले, "हे लागतंय का बघ की गं." आणि ती वाचेल असं घरात एकही मशीन राहिलेलं नव्हतं. टीव्हीखालचा प्लेयर कधीच भंगारात गेला, लॅपटॉपला ड्राइव्हच नाही.

माझा डेस्कटॉप आहे, त्याचा बोर्ड आणि प्रोसेसर दोन वर्षांपूर्वी बदलला पण कॅबिनेट जुनंच ठेवलं होतं हे बरं झालं, कारण त्याला समोरून सव्वापाच इंची खण आहेत. आजकालच्या कॅबिनेटला पुढं काच आणि लायटीचे पंखे असतात, सीडी ड्राइव्हची जागाच नसते, त्यामुळं ज्यांना हे करायचंय त्यांनी आधी आपलं कॅबिनेट पुढून बघून घ्या, खण नसला तर यूएसबीचा बाहेरचा ड्राइव्ह घ्यावा लागेल, तोही चालतो. मला आतलाच हवा होता, सारखी वायर काढघाल नको आणि 43 सीड्या म्हणजे एक दोन दिवसाचं काम नव्हे.

नवी पेठेत एका दुकानात विचारलं तर दुकानदार म्हणाले, "आता कोण वापरतंय ताई हे, पेनड्राइव्ह न्या की." म्हणलं पेनड्राइव्हमध्ये माझे आजोबा नाहीत हो काका. मग त्यांनी आतून खोकं आणलं, त्यात सात आठ जुने ड्राइव्ह. पहिला दिला तो आयडीईचा, म्हणजे जुन्या पद्धतीच्या जोडणीचा निघाला, मागं 40 पिनांची रुंद पट्टी लावायची जागा आणि चार पिनांचा जाड पॉवर कनेक्टर, आताच्या बोर्डांवर ते बसतच नाही. जुना ड्राइव्ह घेताना मागची बाजू बघा, साटाचं (आताच्या बोर्डांवरची जोडणी) असेल तर दोन चपट्या खाचा दिसतात, एक छोटी सात पिनांची डेटासाठी आणि एक लांब 15 पिनांची पॉवरसाठी. तसा एक डीव्हीडी रायटर 350 रुपयाला मिळाला, दुकानातच लावून ट्रे दोनदा आतबाहेर करून बघितला. हे बघायलाच पाहिजे, जुन्या ड्राइव्हमध्ये ट्रे ओढणारा रबरी पट्टा ढिला पडलेला असतो आणि मग बटण दाबलं की नुसता आवाज येतो, ट्रे येत नाही.

बसवायचं काम खरंच अवघड नाही आणि हे मी मनापासून सांगतेय, कारण मला वाटायचं की कॅबिनेट उघडलं की काहीतरी बिघडणारच. मेन स्विच बंद करायचा, वायर काढायची, कॅबिनेटच्या उघड्या लोखंडाला हात लावायचा म्हणजे अंगातलं स्टॅटिक जातं, मग दोन्ही बाजूची पत्रं काढायची. पुढचं प्लास्टिकचं झाकण आतून बोटानं ढकललं की निघतं, त्याच्या मागं कधी कधी पत्र्याची अजून एक पट्टी असते ती हलवून हलवून तोडावी लागते, जरा जपून, कडा धारदार असते. ड्राइव्ह पुढून आत सरकवायचा, तोंड कॅबिनेटच्या पुढच्या बाजूला सपाट येईपर्यंत. स्क्रूचं मात्र लक्षात ठेवा, हार्डडिस्कचे स्क्रू जाड आट्याचे असतात आणि ड्राइव्हचे बारीक आट्याचे एम3, हार्डडिस्कचा स्क्रू जोर लावून फिरवला तर ड्राइव्हचे आटे मरतात. दोन्ही बाजूला दोन दोन लावा, एकाच बाजूला लावले तर डिस्क जोरात फिरताना सगळं कॅबिनेट थरथरतं, 48 एक्सला, म्हणजे 48 पट वेगाला सीडी मिनिटाला 10,000 च्या आसपास फेरे घेत असते.

वायरी लावल्या, चालू केला, ट्रे बाहेर आला, आत गेला, पण कॉम्प्युटरमध्ये ड्राइव्ह दिसेचना. म्हणजे पॉवर जातेय आणि डेटा नाही. केबल बदलली, तेच. चालू होताना डिलीट दाबून बायोसमध्ये, म्हणजे बोर्डाच्या सेटिंगमध्ये गेले तर तिथंही नाही. रात्री साडेअकराला बोर्डाचं पुस्तक काढून वाचलं तेव्हा कळलं की माझ्या बोर्डावर एम टू एसएसडी (बोर्डावरच बसणारी चपटी डिस्क) लावली की साटाचा एक पोर्ट आपोआप बंद होतो, दोघं एकच वाट वापरतात, आणि मी नेमकी त्याच पोर्टात केबल खुपसली होती. शेजारच्यात लावली, लगेच दिसला. तुमच्याकडं असं झालं तर ड्राइव्हला दोष देऊन परत करायला जाऊ नका, आधी पोर्ट बदलून बघा.

आता सीड्या. डब्यातल्या निम्म्या तरी मला वाटत होत्या त्यापेक्षा वाईट अवस्थेत होत्या. आमचा माळा पत्र्याखाली आहे आणि सोलापूरचा उन्हाळा माहितीये सगळ्यांना, 42-43 डिग्री बाहेर, पत्र्याखाली किती होत असेल विचार करा. घरी राइट केलेल्या सीडीत रंगद्रव्याचा पातळ थर असतो, लेझर त्यावरच डाग पाडून लिहितं, आणि तो थर उन्हानं उष्णतेनं फिका पडतो. कंपनीच्या छापील सीडीत तसं नसतं, तिथं प्लास्टिकमध्येच खड्डे दाबलेले असतात, त्यामुळं त्या जास्त टिकल्यात. अजून एक गोष्ट मला आधी माहीत नव्हती, सीडीचा डेटा खालच्या चकचकीत बाजूला नसतो, वरच्या छापील बाजूच्या लगेच खाली असतो, खालून सगळं प्लास्टिकच. म्हणून खालचा ओरखडा बऱ्याचदा निभावतो पण वरचा ओरखडा सरळ डेटाच खरवडतो. डीव्हीडीत मात्र 0.6 मिलिमीटरच्या दोन चकत्या चिकटवलेल्या असतात आणि डेटा मधोमध असतो.

त्यामुळं 'गड्डा 2003' वरचा स्टिकर अर्धवट उचललेला दिसला तेव्हा आण्णा तो सोलायला लागले आणि मी ओरडलेच, आण्णा नको! त्याच्याबरोबर चंदेरी थर पण निघून आला असता. तसाच दाबून चिकटवला. खालून साध्या पाण्यानं आणि मऊ सुती कापडानं पुसली, मधल्या भोकाकडून कडेकडं सरळ, गोल गोल नाही, कारण डेटाची रेघ गोल फिरते आणि गोल ओरखडा पडला तर एकाच रेघेवरचं लांबलचक सलग जातं.

सीडी लागली. आत एमपीईजीएव्ही नावाचं फोल्डर आणि त्यात एक मोठी डॅट फाइल, व्हीएलसी या व्हिडिओ प्लेयरमध्ये उघडते. कॉपी करायला घेतली तर 61 टक्क्यावर अडकली आणि सायक्लिक रिडंडन्सीची एरर, म्हणजे तिथला डेटा नीट वाचता येत नाही. परत केली, परत तिथंच. हे का होतं ते शोधलं. साध्या डेटा सीडीत 2352 बाइटच्या एका तुकड्यात आपला डेटा 2048 बाइट असतो, उरलेल्यात बरीचशी चुका दुरुस्त करायची सोय. व्हिडिओ सीडीत तीच जादा सोय काढून 2324 बाइटपर्यंत व्हिडिओ भरतात, म्हणून तर 700 एमबीच्या सीडीवर 800 एमबीच्या आसपास व्हिडिओ मावतो, पण ओरखडा आला की तो झाकायला मागं फारसं काही उरत नाही. मग कॉपीचा नाद सोडून व्हीएलसीतूनच डिस्क उघडली आणि कन्व्हर्ट करून सेव्ह केली, खराब जागी चार पाच सेकंद चौकोन चौकोन आले, आवाज तुटला, पण थांबलं नाही, पुढं गेलं, शेवटपर्यंत.

ताईच्या लग्नाची डीव्हीडी सोपी गेली. व्हिडिओ टीएस फोल्डर सगळं उचलून हार्डडिस्कवर टाकलं, आतल्या व्हीओबी फाइली एकेक जीबीच्या तुकड्यात असतात, नंतर हँडब्रेक नावाच्या सॉफ्टवेअरनं एकत्र करून एमपी4 केली. गाण्यांच्या सीड्यांपैकी तीन पूर्ण गेल्या, ड्राइव्ह नुसता फिरतो आणि डिस्क नाही म्हणतो. त्या मी टाकलेल्या नाहीत, कारण एका ड्राइव्हला न वाचणारी सीडी दुसरा ड्राइव्ह कधी कधी वाचतो, ऑफिसमधल्या एकाकडं जुना ड्राइव्ह आहे तो मागितलाय. एकदा ट्रे अडकला तेव्हा पुढच्या बारीक भोकात सरळ केलेली यू पिन घालून काढला, पण त्याआधी कॉम्प्युटर पूर्ण बंद केला, आत डिस्क फिरत असताना ते करायचं नसतं.

गड्ड्याचा व्हिडिओ रविवारी सकाळी टीव्हीला लावला. चित्र बारीक, 352 बाय 288 चं, मोठ्या टीव्हीवर अगदी धुरकट. आधी नुसती गर्दी, सातही नंदीध्वज एकामागं एक, 'हर्र बोला हर्र' चा आवाज, मग अक्षता सोहळ्याला, म्हणजे सिद्धरामेश्वरांच्या प्रतीकात्मक लग्नाला निघालेली माणसं, आणि नेमकं ते चौकोन येतात त्याच्या जरा पुढं आजोबा. कॅमेऱ्याकडं बघत नाहीत, कपाळावर विभूती, शेजारच्या माणसाला काहीतरी कानडीत सांगतायत, हसतात, आणि पुढं जातात. जेमतेम वीस सेकंद. आण्णा म्हणाले मागं घे. परत म्हणाले मागं घे. सहाव्यांदा बघून झाल्यावर उठले, फोन घेतला आणि अक्कलकोटला आत्याला लावला, "अगं, अप्पा दिसतायत, बोलतायत. तू ये रविवारी. आणि तुझ्या कपाटात सीड्या असतील बघ, त्या पण सगळ्या घेऊन ये."