दुकानाचा कूलर निवडताना दुपारी चारचा हिशेब

दुकानात दूध-पेयं गार ठेवायचा कूलर घ्यायला गेलं की समोरचा विक्रेता पहिला प्रश्न एकच विचारतो, ‘बेन, किती लिटरचा?’ वडोदऱ्याच्या रावपुऱ्यात विचारला, अलकापुरीत विचारला, फोनवर बोललेल्या डीलरनेही तोच विचारला. माझ्याकडे उत्तर नव्हतं. मला एवढंच ठाऊक होतं की मे महिन्यात दुपारी चार वाजता जो माणूस उन्हातून आमच्या पायरीवर चढतो, त्याला छासची, म्हणजे ताकाची, थैली गार हवी असते, ‘जराशी थंड आहे’ अशी नको असते. तशी दिली की तो उद्या चार दुकानं पुढे जातो.

आमचं दुकान वडोदऱ्यात कारेलीबागेत आहे. दहा बाय बारा फुटांची खोली, तोंड पश्चिमेला. किराणा, बिस्किटं, दूध, दही, छास, थंड पेयं, पनीर, पाडव्याला आणि गणपतीत श्रीखंड. २०२४ च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्री नदीचं पाणी गल्लीत आलं तेव्हा आमचा जुना घरगुती फ्रिज गेला. कॉम्प्रेसर खालीच असतो, त्याचं काय होणार! त्यानंतर काही महिने बर्फाच्या पेटीवर काढले आणि उन्हाळ्याच्या आत काहीतरी नीट घ्यायचं ठरवलं.

सर्वांत आधी दारात आला तो फुकटचा पर्याय. एका शीतपेय कंपनीचा माणूस म्हणाला, काचेचा कूलर देतो, पैसे नकोत, फक्त आत आमचाच माल ठेवा. सासरे खूश. मी बी.एस्सी. एम.एस. युनिव्हर्सिटीतून केलेली, पण इथे विज्ञानापेक्षा अंकगणित उपयोगी पडलं. आमच्या दुकानात थंड मालाच्या विक्रीतला मोठा वाटा दूध, छास आणि दह्याचा. पेयांवर मार्जिन बरं असतं, पण गिऱ्हाईक रोज येतं ते दुधासाठी. ज्या कूलरमध्ये दूध ठेवता येणार नाही, तो माझी चार चौरस फूट जागा आणि माझीच वीज खाणार आणि दुधासाठी मला दुसरा घ्यावाच लागणार. शिवाय पेयांसाठी बनवलेल्या काही कूलरमध्ये वीज वाचवणारा कंट्रोलर असतो. दुकान बंद झालं की तो आतलं तापमान वर जाऊ देतो. बाटलीबंद पेयाला त्याने काही होत नाही, दुधाला होतं. एफएसएसएआयच्या, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या, स्वच्छतेच्या नियमांत थंड ठेवायचे पदार्थ ५ अंश किंवा त्याखाली आणि गोठवलेले उणे १८ किंवा त्याखाली ठेवायला सांगितलंय. म्हणून त्या माणसाला चहा पाजून परत पाठवलं.

आइसक्रीमच्या कंपनीला मात्र हो म्हटलं. अनामत घेऊन त्यांनी काचेच्या झाकणाचा छोटा फ्रीझर दिला, अट तीच. पण आइसक्रीम आम्ही तसंही एकाच कंपनीचं विकतो आणि उणे १८ चं यंत्र स्वतः विकत घेण्याइतका गोठवलेला माल आमच्याकडे नाही. फ्रोझन मटार मागणाऱ्यांना समोरच्या मोठ्या दुकानात पाठवते. गेलं गिऱ्हाईक तरी चालेल.

आता उरला खरा प्रश्न, उभा काचेच्या दरवाजाचा कूलर. बाजारात त्याला ‘व्हिसी कूलर’ म्हणतात. लिटरचा आकडा पाहून लोक हा निवडतात आणि इथेच गंमत आहे. लिटर म्हणजे आत किती मावतं. दुपारी चार वाजता त्यात काय गार असेल, हे लिटर सांगत नाही.

एक हिशेब मांडून पाहिला. सहाशे मिलीच्या २४ बाटल्या, गोडाऊनमध्ये तापून ३८ अंशांवर आलेल्या. त्या ६ अंशांवर आणायच्या तर साधारण १४.४ किलो पाण्यातून ३२ अंशांची उष्णता काढायची. ती होते सुमारे १,९०० किलोज्यूल, म्हणजे अर्ध्या युनिटहून थोडी जास्त. कागदावर किरकोळ वाटते. पण ती एकदम निघत नाही. कूलरची ताकद मर्यादित असते, त्यातली बरीच काचेतून आणि दर मिनिटाला उघडणाऱ्या दारातून येणाऱ्या गरमीशी झुंजण्यात जाते. उरलेल्या ताकदीवर त्या बाटल्यांना तासन्‌तास लागतात आणि तोवर त्या शेजारच्या थंड बाटल्यांनाही गरम करत राहतात. दुपारी एकला रिकामे झालेले खण भरले की चारचं गिऱ्हाईक कोमट माल घेऊन जातं, मग कूलर तीनशे लिटरचा असो की पाचशेचा.

हे लक्षात आल्यावर विक्रेत्यांना माझे प्रश्न बदलले. बाहेर किती तापमान असताना हा आत ५ अंश धरतो? कॅटलॉगवर ‘२ ते ८ अंश’ मोठ्या अक्षरांत असतं, ते किती गरमीत मोजलंय हे बारीक अक्षरांत असतं किंवा नसतंच. घरगुती फ्रिजच्या मोजमापात ‘टी’ वर्ग बाहेरच्या ४३ अंशांपर्यंतचा आणि ‘एसटी’ ३८ पर्यंतचा. दुकानी कॅबिनेटचे वर्ग वेगळे: वर्ग ३ म्हणजे बाहेर २५ अंश, वर्ग ४ म्हणजे ३०, वर्ग ५ म्हणजे ४०. वडोदऱ्यात मे महिन्यात पारा ४२ च्या पुढे जातो आणि आमच्यासारख्या पश्चिममुखी दुकानात कूलरच्या मागची हवा त्याहून तापलेली. मला ४३ अंशांवर मोजलेलं मशीन हवं होतं. एका विक्रेत्याने हसून विचारलं, ‘बेन, शिक्षिका छो?’ दुसऱ्याने कंपनीचं माहितीपत्रक मागवून दिलं. खरेदी अर्थातच त्याच्याकडे केली.

दुसरा प्रश्न हवेचा. साध्या स्टॅटिक कूलरमध्ये आत पंखा नसतो, त्यामुळे खालचा खण आणि वरचा खण यांत फरक पडतो. पंखावाला महाग, पण दार उघडून बंद झाल्यावर लवकर सावरतो. काचेच्या दारासाठी मी पंखावालाच घेतला. त्याचा तोटा एकच जाणवला, कोथिंबिरीच्या जुड्या सुकतात. कोथिंबीर आम्ही विकत नाही, पण सासूबाई घरची आणून ठेवतात आणि मग माझ्याकडे बघतात.

काच दुहेरी आहे ना, हे मात्र बोटाने वाजवून बघा. पावसाळ्यात इथे दमट हवा इतकी असते की एकेरी काचेवर पाणी धरतं, आतलं दिसत नाही आणि थेंब फरशीवर पडून म्हाताऱ्या माणसांचे पाय घसरतात. काही मॉडेलमध्ये दाराच्या चौकटीला बारीक हीटर असतो, तो काच कोरडी ठेवतो आणि थोडी वीज खातो. मला तो सौदा पटला.

मशीनमध्ये थंडावा आणणाऱ्या गॅसबद्दल फार डोकं खाजवलं नाही. जुन्या मशीनमध्ये आर-१३४ए असायचा, त्याचा तापमानवाढीवरचा परिणाम कार्बन डायऑक्साइडच्या १,४३० पट धरला जातो. नव्यात आर-२९० किंवा आर-६००ए, म्हणजे प्रोपेन आणि आयसोब्युटेन, ज्यांचा हा आकडा ३ च्या आसपास. हे दोन्ही पेटणारे, पण मशीनमध्ये भरतात ते ग्रॅमांमध्ये. नळी जोडायला येणारा माणूस शिकलेला हवा, एवढंच. म्हणून कंपनीचं सर्व्हिस सेंटर वडोदऱ्यात आहे की अहमदाबादहून माणूस येणार, हे आधी विचारलं. गॅस भरण्याचा खर्च वॉरंटीत धरलाय का, हेही. ‘कॉम्प्रेसरवर पाच वर्षं’ या पाटीत तो बहुधा नसतो.

पण पंखा आणि काच कितीही चांगली असली तरी गरम बाटल्यांचा प्रश्न उरतोच. त्यासाठी दुसरं मशीन घेतलं, वरून झाकण उघडणारी दोनशे लिटरची पेटी. ती फ्रीझर म्हणूनही चालते आणि स्विच फिरवला की कूलर म्हणूनही. थंड हवा जड असते. झाकण वर उघडतं, त्यामुळे ती बाहेर सांडत नाही. काचेच्या उभ्या दारातून ती पायाशी ओघळते. मग पेटीत राहतं दूध, छास आणि पेयांचा राखीव साठा, ३ ते ४ अंशांवर. काचेच्या कूलरमधला खण रिकामा झाला की पेटीतून भरायचा, गोडाऊनमधून नाही. गोडाऊनचा माल रात्री दुकान बंद करताना पेटीत जातो. नवरात्रात मात्र हा क्रम उलटा. गरबा संपवून मुलं रात्री एक वाजता पाण्याच्या बाटल्या मागायला येतात, तेव्हा माल संध्याकाळीच गार व्हायला हवा.

सासऱ्यांचं म्हणणं होतं, एकच मोठा कूलर घे, दोन मशीनचा पसारा कशाला. त्यांच्या म्हणण्यात जागेचा मुद्दा बरोबर होता, बिस्किटांचा रॅक एका भिंतीवरून हलवावा लागला. पण एक मशीन बंद पडलं तर दूध दुसऱ्यात हलवता येतं, या मुद्द्यावर ते गप्प झाले.

विजेवर आमचं खरं वाजलं. रात्री कूलर बंद करून वीज वाचवायची, ही त्यांची जुनी सवय. मी म्हटलं, बाबा, दिवा बंद करू, मशीन नाही. मग बिलाचा हिशेब दाखवला. एमजीव्हीसीएल या इथल्या वीज कंपनीचं दुकानाचं बिल आम्हाला सगळं धरून युनिटला आठ रुपयांच्या आसपास पडतं. दोन मॉडेलमध्ये दिवसाला दीड युनिटचा फरक होता, म्हणजे महिन्याला साधारण ३६० रुपये आणि वर्षाला ४,३०० च्या वर. किमतीतला फरक पाच हजारांचा. महाग मॉडेलचे जास्तीचे पैसे सव्वा वर्षाच्या आत निघतात. पेटीसाठी स्टार लेबलही पाहिलं, डीप फ्रीझरवर ते आता असतं. एवढं मांडल्यावर बाबांनी स्वतःच विक्रेत्याला फोन केला आणि हजार रुपये उतरवून घेतले. माझ्याने उतरले नसते.

वायरमनने वेगळी १६ अँपिअरची लाइन ओढली, अर्थिंग तपासलं आणि टाइम-डिले असलेला स्टॅबिलायझर लावला. वीज जाऊन लगेच आली की कॉम्प्रेसर दाबाखाली सुरू होऊ पाहतो आणि अडकतो. हा डिले त्याला काही मिनिटं थांबवतो. मंजूर भार पुरतो का, हे बिलावर बघून घेतलं. पुरला.

दोन्ही मशीन दीड फुटाच्या विटांच्या ओट्यावर आहेत. गवंडी म्हणाला, एवढा उंच कशाला, वहिनी. त्याला भिंतीवरची पुराची रेघ दाखवली. दोन पायऱ्या चढून बाटली काढायला लागू नये म्हणून कूलरचा वरचा खण रिकामा सोडलाय, तिथे फक्त रिकामी खोकी. भिंत आणि मशीन यांच्यात वीतभर जागा ठेवली, नाहीतर मागची गरम हवा तिथेच फिरते.

बिल पक्कं घ्या. आमचं दुकान जीएसटीच्या छोट्या व्यापाऱ्यांसाठीच्या कंपोझिशन योजनेत आहे, त्यामुळे १८ टक्के जीएसटी परत मिळत नाही आणि एका विक्रेत्याने ‘बिलाशिवाय घ्या, स्वस्त पडेल’ असंही सुचवलं. वॉरंटीला बिल लागतं, हे त्यालाही ठाऊक होतं.

मशीन आल्यावर काही तास उभंच ठेवलं, मग रिकामं चालवलं, मग मधल्या खणात पाण्याचा ग्लास आणि त्यात थर्मामीटर. हवेचं तापमान दार उघडताच उडी मारतं, पाण्याचं नाही, म्हणून ग्लास. मे महिन्यात भर दुपारी मधल्या खणात ६ अंश, दाराजवळ ८, पेटीत ४. दाराजवळ आता फक्त पाणी आणि पेयं ठेवतो.

वार्षिक देखभालीचा करार अजून केलेला नाही. कंडेन्सरवरची, म्हणजे गरमी बाहेर टाकणाऱ्या जाळीवरची, धूळ मी स्वतःच जुन्या रंगाच्या ब्रशने काढते, दर महिन्याला, प्लग काढून. रबराच्या पट्टीत कागद अडकवून दार घट्ट बसतं का तेही पाहते. वॉरंटी संपेल तेव्हा कराराचे पैसे आणि एका गॅस भरण्याचा खर्च समोरासमोर ठेवून ठरवू.