पाडव्याची पहाट आणि शेर्झरची मान

2019 च्या दिवाळीत नरकचतुर्दशी आणि लक्ष्मीपूजन एकाच दिवशी आलेलं, 27 ऑक्टोबर, रविवार, आणि त्याच रात्री माझी नाईट शिफ्ट. खरं तर माझी नव्हतीच, ज्याची होती त्याला ताप आला आणि रोस्टरमध्ये मला घुसवला. पुण्यात बसून अमेरिकन क्लायंटसाठी बेसबॉलचे आकडे लावायचे, मॅचआधीचा प्रीव्ह्यू बनवून द्यायचा, हे आमचं काम. वर्ल्ड सिरीज, म्हणजे तिकडच्या बेसबॉलची फायनल, चालू होती, सातपैकी चार मॅच आधी जिंकेल तो चॅम्पियन. वॉशिंग्टन नॅशनल्स विरुद्ध ह्यूस्टन ॲस्ट्रोज, 2-2 बरोबरी, पाचवी मॅच वॉशिंग्टनला, आपल्याकडे पाडव्याच्या पहाटे साडेपाचनंतर.

बेसबॉलमध्ये मॅच सुरू करणारा पिचर एकाच दिवशी नव्वद-शंभर बॉल टाकतो आणि मग साधारण चार दिवस आराम, म्हणून प्रत्येक टीमकडे चार-पाच जणांची पाळी लागलेली असते, तीच रोटेशन. सिरीजआधी दोन्ही टीमच्या रोटेशनचा तक्ता मीच केला होता आणि मला त्याचा जाम अभिमान होता. ॲस्ट्रोजकडे गेरिट कोल, सीझनला 326 स्ट्राइकआउट (म्हणजे तीन स्ट्राइकवर बाद केलेले बॅटर), जस्टिन व्हर्लँडर 21 विजय आणि बरोब्बर 300 स्ट्राइकआउट, वर जुलैच्या शेवटी उचललेला झॅक ग्रेंकी. नॅशनल्सकडे मॅक्स शेर्झर, स्टीफन स्ट्रासबर्ग, पॅट्रिक कॉर्बिन, अनिबाल सांचेझ. मी लिहिलं, पहिले तीन ॲस्ट्रोजचे किंचित सरस, पण चौथ्या जागी त्यांच्याकडे नाव घ्यावं असं कोणी नाही.

मग काय, पहिल्या दोन मॅचमध्ये कोल आणि व्हर्लँडर दोघंही हरले, आणि चौथ्या मॅचला उर्किडी नावाचं नवखं पोरगं आलं आणि मॅचच्या नऊपैकी पाच इनिंगमध्ये एक रन दिला नाही. माझा तक्ता दोन्ही बाजूंनी तोंडावर आपटला. टीम लीडने फक्त एक स्माइली पाठवला, तो जास्त लागला.

तर त्या रात्री, कोल विरुद्ध शेर्झर, पहिल्या मॅचचीच जोडी. प्रीव्ह्यू तयार करून रांगेत टाकला आणि घरून आणलेला चिवडा काढला. मध्यरात्र उलटून गेली होती, तेवढ्यात बातमी आली की शेर्झर खेळत नाही, मानेत उसण भरलीये. सकाळी उठला तर हात वर होईना, कपडे घालायला बायकोची मदत लागली म्हणे. त्याच्या जागी जो रॉस, ज्याचा त्या सीझनचा ईआरए 5.48, म्हणजे नऊ इनिंगमागे साडेपाच रन देणारा माणूस.

सगळं परत लिहायला बसलो. तक्त्यात शेर्झरचं नाव खोडून रॉसचं टाकताना मला त्याच्याबद्दल उगाच माया वाटायला लागली, दुसऱ्याच्या पाळीत ऐनवेळी ढकललेला, समोर कोल, कोणाला अपेक्षा नाही... तो काही चमकला वगैरे नाही. दोन होमरन, म्हणजे बेसबॉलचे षटकार, खाल्ले, पाच इनिंगमध्ये चार रन गेले, नॅशनल्स 7-1 हरले. घरच्या तिन्ही मॅच हरून ते ह्यूस्टनला निघाले.

पण शिफ्ट संपताना कॅलेंडर बघितलं तेव्हा डोक्यात आलं की शेर्झर आज खेळला असता तर बुधवारच्या सातव्या मॅचला सुरुवात करायला मोकळाच नसता. आता जर मान सुटली तर तो फ्रेश असणार. माझ्या तक्त्यात नावं होती, आकडे होते, पण कोण कुठल्या दिवशी हात मोकळा ठेवून बसलेला असेल याला रकानाच नव्हता! टीम लीडला लिहून पाठवलं. उत्तर नाही, तो फराळाला बसला असणार.

घरी पोचलो तर ओवाळायचं ताट तयार आणि बायकोचं तोंड फुगलेलं. उशीर का झाला ते सांगितलं तर म्हणाली, "मानेवर लाटणं फिरवा म्हणावं."

लाटणं नाही पण इंजेक्शन मिळालं. सहावी मॅच स्ट्रासबर्गने काढली, सातवीला शेर्झर उभा राहिला, धडपडत पाच इनिंग, दोनच रन, मग कॉर्बिनने तीन इनिंग कोऱ्या टाकल्या आणि नॅशनल्स 6-2 जिंकले. तेव्हा मी शिफ्टवर नव्हतो, मोबाईलवर स्कोअर बघत बसलेलो, समोर उरलेल्या चकल्या.