दिवेआगरच्या वाळूवर फोन २६ मीटर दाखवतो तेव्हा

नोव्हेंबरअखेर, सकाळचे पावणेदहा. दिवेआगरच्या किनाऱ्यावर ओल्या वाळूची रेघ जिथे संपते तिथे चप्पल उलटी ठेवून तिच्यावर फोन ठेवला. हवेचा दाब १०१३.४ हेक्टोपास्कल (दाबाचं एकक). बेत असा, की इथून म्हसळा, माणगाव, महाड, पाचाड करत रायगड गाठायचा, फोनमधल्या बॅरोमीटरवर, म्हणजे हवेचा दाब मोजणाऱ्या सेन्सरवर, माथ्याची उंची काढायची आणि संध्याकाळी परत याच वाळूवर यायचं. रायगड निवडला कारण त्याची उंची, ८२० मीटर, सगळीकडे छापलेली आहे. उत्तर चुकलं तर लपवता येणार नाही.

आधी एक तपासणी. स्वस्त फोनमध्ये हा सेन्सर बहुधा नसतोच. ‘फायफॉक्स’ हे मोफत ॲप टाकलं की दाबाचा प्रयोग धूसर दिसतो का ते बघायचं. धूसर असेल तर सेन्सर नाही, विषय संपला. ॲप दाबाची नोंद सेकंदासेकंदाला घेतं आणि नंतर फाइल काढून देतं.

सेन्सर उंची मोजत नाही, डोक्यावरच्या हवेचा भार मोजतो. त्यावरून उंची काढायचं नेहमीचं सूत्र असं: आत्ताच्या दाबाला समुद्रसपाटीच्या दाबाने भागा, त्याचा ०.१९०३ वा घात करा, तो १ मधून वजा करा आणि ४४,३३० ने गुणा. समुद्रसपाटीचा दाब दिला नाही, तर बहुतेक ॲप १०१३.२५ धरतात. कोकणात हा आकडा हिवाळ्यातल्या सकाळी जवळपास बरोबर येतो, जुलैत अजिबात नाही. भर पावसाळ्यात इथला दाब १००४-१००५ च्या घरात असतो. त्यामुळे पाण्यात पाय बुडवून उभे असलात तरी फोन तुम्हाला ७० मीटर वर नेऊन ठेवतो. ३ जून २०२० ला ‘निसर्ग’ चक्रीवादळ याच किनारपट्टीवर आलं, तेव्हा त्याच्या केंद्रातला दाब ९८४ च्या आसपास होता. त्या क्षणी ॲपने सुपारीच्या आडव्या झालेल्या वाड्या अडीचशे मीटर उंचीवर दाखवल्या असत्या.

जीपीएसची उंची घ्या, असं कुणी म्हणेल. अँड्रॉइडची कच्ची जीपीएस उंची पृथ्वीच्या गणिती लंबगोलापासून मोजलेली असते, समुद्रापासून नाही. कोकणात या दोन पातळ्यांत साठ-सत्तर मीटरचं अंतर आहे, म्हणून काही ॲप किनाऱ्यावर चक्क उणे ६५ दाखवतात. फोन बिघडलेला नसतो.

निघताना दुसरा फोन मुक्कामाच्या खोलीत चार्जरला लावून नोंद चालू ठेवली. त्याआधी दोन्ही फोन शेजारी शेजारी दहा मिनिटं ठेवले. दुसरा ०.७ ने कमी दाखवत होता. ही तफावत लिहून ठेवायलाच हवी. सेन्सरचा स्वतःचा आकडा एखाद्या हेक्टोपास्कलने चुकलेला असतो, आणि कोकणातल्या उकाड्यात १ हेक्टोपास्कल म्हणजे जवळपास ९ मीटर. मात्र चढउतार तो अगदी बारीक पकडतो: जमिनीवरचा फोन टेबलावर ठेवला तरी आलेख हलतो. खोलीतल्या फोनची स्क्रीन बंद होणार नाही हे बघावं, नाहीतर नोंद मध्येच थांबते.

गाडीत घेतलेली नोंद आम्ही फेकून दिली. काच उघडी ठेवून ताशी ८० ने जाताना नुसत्या वाऱ्याने दोन-अडीच हेक्टोपास्कलचा घोळ होऊ शकतो, म्हणजे वीस मीटर. दार आपटलं की आलेखावर काटा उठतो. पावसाळी पाऊच त्याहून वाईट. बंद पाऊच मुठीत दाबा आणि आकडा बघा, बसल्या जागी दरी उतरल्यासारखा दिसेल. वॉटरप्रूफ फोनची स्क्रीन अंगठ्याने जोरात दाबली तरी काहींमध्ये हेच होतं. फोन उघड्यावर, सावलीत, न दाबता दोन मिनिटं ठेवायचा आणि सरासरी घ्यायची.

पाचाडला सावलीत ३० अंश. रोपवेने वर गेलो. पाळण्यात चारएकशे मीटरची चढण काही मिनिटांत होते आणि दाबाची रेघ जिना उतरावा तशी सरळ खाली येते. कानाला दडे बसतात ते याच रेघेमुळे.

दीड वाजता माथ्यावर दाब ९२१.९, तापमान २५. सकाळचा १०१३.४ धरून सूत्राने उत्तर दिलं ७९१. एकोणतीस मीटर कमी, पण अगदीच वाईट नाही, असं वाटतं. मग खोलीतल्या फोनची नोंद बघायला सांगितली. तफावत मिळवून दीड वाजताचा किनाऱ्यावरचा दाब निघाला १०११.२. तो घातला तर उत्तर ७७३. दुरुस्ती केली आणि चूक वाढली!

इथेच बहुतेक लोक हवामानाच्या आकड्यांवरचा विश्वास सोडतात. खरं तर दोन चुका एकमेकींना झाकत होत्या: सकाळचा जुना दाब उत्तर वाढवत होता, सूत्रातलं तापमान ते कमी करत होतं. सूत्र गृहीत धरतं की समुद्रसपाटीला १५ अंश आहेत आणि वर जाताना तापमान ठराविक दराने उतरतं, म्हणजे या थराची सरासरी साडेबारा अंश. आपली सरासरी साडेसत्तावीस. गरम हवा फुगलेली असते, तेवढाच दाब उतरायला जास्त चढावं लागतं. केल्विनमध्ये ३००.६५ भागिले २८५.६५, म्हणजे सव्वापाच टक्के वाढ: ७७३ चे झाले ८१४. हवेतल्या बाष्पाचा आणखी पाऊण टक्का धरला की ८१९.

एक मीटरच्या फरकावर फुशारकी मारू नये. गडमाथा काही टेबलासारखा सपाट नाही, आणि सरासरी तापमान दोन अंशांनी चुकलं तरी पाच-सहा मीटर जातात. अंदाजासाठी इतकं लक्षात ठेवलं तरी पुरे: दर १० अंशांना साधारण साडेतीन टक्के. रेवदंड्याच्या किंवा हर्णैच्या किल्ल्यावर हे नगण्य आहे, कारण चढच नाही. घाट चढताना मात्र हीच दुरुस्ती सगळ्यांत मोठी ठरते.

दुसरा फोन नसेल तर हवामान सेवेचा दाब घ्यावा, पण ‘समुद्रसपाटीचा’ असं लिहिलेलाच. ‘जमिनीवरचा दाब’ घेतला तर त्या ठिकाणची उंची आधीच त्यात शिरलेली असते आणि उत्तर शून्याजवळ येतं. विमानतळाच्या अहवालातला दाब पूर्णांकात, तोही खाली ओढून दिलेला असतो, म्हणजे नऊ मीटरपर्यंतची चूक तिथेच आली.

पाच वाजता पुन्हा दिवेआगर. चप्पल, वाळू तीच. पाणी ओहोटीने मागे गेलेलं, पण भरती-ओहोटीचा फरक इथे फार तर काही मीटर. फोनवर १०१०.३, आणि सकाळच्या आकड्यावरून उंची २६ मीटर. आभाळ निरभ्र, वादळाचा मागमूस नाही. उष्ण पट्ट्यात हवेलाही रोज दोनदा भरती-ओहोटी असते: सकाळी आणि रात्री दहाच्या सुमारास दाब वर, पहाटे आणि दुपारी चारच्या सुमारास खाली. खोलीतला फोन १००९.६ दाखवत होता. तफावत अजून ०.७ च.