जुलैतली तारकर्ली आणि आईचा राहून गेलेला किल्ला

सत्तराव्या वाढदिवसाला घरी केकबिक आणायचा नाही, असं आईने महिनाभर आधीच बजावलं होतं. "मला सिंधुदुर्ग दाखवा," एवढंच म्हणाली. जिल्हा परिषदेच्या शाळेत तिने नोकरीभर चौथीच्या मुलांना शिवाजी महाराज शिकवले. मालवणसमोरचं कुरटे बेट, २५ नोव्हेंबर १६६४ ची पायाभरणी, हिरोजी इंदुलकर, पायात ओतलेलं शिसं, खाऱ्या समुद्रात गोडं पाणी देणाऱ्या दूधबाव, साखरबाव, दहीबाव हे सगळं तिला तोंडपाठ. किल्ल्यात पाऊल मात्र कधी पडलं नव्हतं.

तिचा वाढदिवस जुलैतला. म्हणून तारकर्लीचं रिसॉर्ट ठरवताना मी फोनवर पहिला प्रश्न होडीचाच विचारला. आईचं वय सांगितलं, गुडघ्यांचं सांगितलं, आणि आम्ही मुख्यतः किल्ल्यासाठी येतोय हेही सांगितलं. पलीकडून उत्तर आलं, "ताई, होडी चालू असते, हवामान बघून सोडतात. डॉल्फिन, स्नॉर्केलिंग, त्सुनामी आयलंड, सगळं आपलीच माणसं करून देतात. बिनधास्त या." दोन खोल्या घेतल्या, त्यातली आई-बाबांची जास्त पैसे भरून समुद्राकडची. सगळी रक्कम आगाऊ.

कोकण रेल्वे पावसाळी वेळापत्रकावर होती, गाडी रखडत कुडाळला पोचली. पण त्याचं कुणाला काही वाटलं नाही. खिडकीतून दिसणारी भातलावणी आणि कड्यांवरून कोसळणारं पाणी बघून मुलं हरखली होती. पावसाबद्दल माझी एका अक्षराचीही तक्रार नाही, हे इथेच सांगते. जुलैत कोकणात पाऊस नाही तर काय पडणार?

कुडाळहून मालवणला आणि तिथून पुढे तारकर्लीला आम्ही रिक्षाने गेलो. वाटेत आईने ड्रायव्हरला कौतुकाने विचारलं, "किल्ल्यावर होडी किती वाजता सुटते हो?" त्याने आरशातून मागे बघितलं. "पावसात होडी बंद असता ओ, आजी. सप्टेंबरात येवा." आई माझ्याकडे बघायला लागली.

मेच्या शेवटच्या आठवड्यापासून ऑगस्टअखेरपर्यंत तिथली किल्ल्याची होडी आणि पाण्यातले सगळे खेळ बंद असतात. एखाद्या दिवसाच्या हवामानाचा हा प्रश्नच नाही. दरवर्षी आदेश निघतो, दरवर्षी होड्या किनाऱ्यावर ओढून शाकारून ठेवतात. मालवणातल्या शेंबड्या पोराला हे ठाऊक असतं. समुद्रावर धंदा करणाऱ्या रिसॉर्टच्या मॅनेजरला ते ठाऊक नव्हतं, यावर मी विश्वास ठेवू शकत नाही. त्याने माझ्या आईला खोटं सांगून बोलावलं.

खोलीत शिरलो तर बाल्कनी पूर्ण निळ्या ताडपत्रीने बंद केलेली. वर खिळे, खाली सुतळी, मध्ये बांबूच्या कामट्या. कोकणात घरोघरी असं करतात, कारण वाऱ्याबरोबर येणारी झड थेट पडवीत घुसते आणि भिंती महिनोन्‌महिने ओल्या राहतात. पूर्वी नारळाच्या झावळ्यांचे झाप लावत, आता प्लास्टिक. घर वाचवायला ते बरोबरच आहे. पण मग ती खोली 'सी व्ह्यू' म्हणून जास्त पैशांना विकू नका. दिवसभर आत निळसर अंधार, आणि समुद्राचा नुसता आवाज. कपाटामागच्या भिंतीवर बुरशीचे काळे ठिपके, आणि दार उघडताच तो कोंदट वास. चादरी हाताला ओलसर लागत होत्या. टॉवेल वाळायचे नाहीत. बदलून मागितले तर तेही तसेच, कारण ड्रायर नव्हता आणि ऊन कुठून आणणार? वीज जायची, ती तासन्‌तास यायची नाही. इन्व्हर्टरवर एक दिवा आणि एक पंखा. बाबांना दम्याचा त्रास आहे. पहिल्या रात्री ते खुर्ची दाराशी ओढून बसून राहिले. दुसरी खोली मागितली, तर "सगळ्या अशाच आहेत" म्हणाले, आणि ते मात्र खरं होतं. पोहण्याचा तलाव हिरवा, दोरी लावून बंद केलेला. माझा धाकटा पोहण्याचा चष्मा गळ्यात घालून दोरीपाशी उभा राहायचा.

जेवणाचं सर्वांत वाईट वाटलं. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते, माशांच्या विणीचा काळ म्हणून. त्या बंदीला माझा पूर्ण पाठिंबा आहे. मग ताटात आलेली 'ताजी सुरमई' कुठली? बर्फातली, कापसासारखी, मिठाच्या पाण्यात शिजवलेली चव. बाकी पनीर आणि नूडल्स. आणि रिसॉर्टच्या कुंपणाबाहेर टाकळा माजला होता, भारंगी होती, अळू होतं, खाडीत कुर्ल्या होत्या! खोल्या झाडायला येणाऱ्या काकूंच्या डब्यात आईने टाकळ्याची भाजी बघितली. कोवळा पाला, वरून भरपूर ओलं खोबरं, आणि तांदळाची भाकरी. आईने विचारलं, "हे का नाही करत इथे?" काकू म्हणाल्या, "हॉटेलात ह्या कोण खातला?" आम्ही खाल्लं असतं. आवडीने खाल्लं असतं, पैसे मोजून. पावसाळ्यात कोकणाकडे देण्यासारखं एवढं असताना पावसाळी पाहुण्याला हिवाळ्याचे फोटो दाखवायचे आणि बर्फातला मासा वाढायचा, याचा मला मनापासून राग येतो.

वाढदिवसाच्या दिवशी रिक्षा करून आईला मालवणला नेलं. जेटीवर माणूस नव्हता. किल्ला समोर, जेमतेम अर्धा किलोमीटर. पाऊस जरा उघडला की तटाची वळणं दिसायची, पुन्हा सर आली की सगळं पुसलं जायचं. लाटा तटावर आपटून वर उडत होत्या. आईने नातवंडांना जवळ घेतलं आणि दाखवायला लागली: आत शिवराजेश्वराचं मंदिर आहे, राजाराम महाराजांनी बांधलं, दरवाजापाशी महाराजांच्या हाताचा आणि पायाचा ठसा आहे. दरवाजा असा बांधलाय की लांबून बघणाऱ्याला तो कुठे आहे हेच कळत नाही. मोठीने विचारलं, "आजी, तू आत जाऊन आलीस?" आई "नाही गं" म्हणाली आणि पुढचं सांगायला लागली.

मोरयाचा धोंडा तेवढा तिला बघता आला, कारण तो किनाऱ्यावरच आहे. किल्ल्याच्या पायाभरणीची पूजा त्या खडकापाशी झाली, असं सांगतात. शेवाळाने सगळं निसरडं झालं होतं. भावाने एक हात धरला, मी दुसरा. खडकात कोरलेला गणपती आणि चंद्र-सूर्य बघून तिने चप्पल काढून नमस्कार केला.

निघताना मॅनेजरशी बोलले. किल्ल्याचं नाव काढताच "मोसमात असंच असतं, ताई" सुरू झालं. मी म्हटलं, मोसमाचं मला सांगू नका, फोनवर तुम्ही काय म्हणालात ते सांगा. त्यावर पुढच्या वेळी वीस टक्के सूट देतो म्हणाला. मी ती घेतली नाही. मला समुद्राकडच्या खोलीचे जादा पैसे परत हवे आहेत, आणि त्यांच्या पानावरून जून ते ऑगस्टसाठी होडीचे आणि डॉल्फिनचे फोटो काढलेले हवे आहेत. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये दिशाभूल करणारी जाहिरात आणि सेवेतली त्रुटी या दोन्हींविरुद्ध दाद मागता येते. ताडपत्री लावलेल्या बाल्कनीचे आणि भिंतीचे फोटो, पैसे भरल्याची पावती आणि होडीबद्दलचे व्हॉट्सॲपवरचे मेसेज जोडले आहेत. कुणाला असाच अनुभव आला असेल तर मेसेज पुसू नका, तेच उपयोगी पडतात.

पावसाळ्यात कोकणात जाणार असाल तर जरूर जा, पण किल्ला किंवा समुद्र डोक्यात असेल तर रिसॉर्टला विचारून थांबू नका, मालवणात एखाद्या होडीवाल्याला किंवा खानावळीत फोन करून विचारा.

आईला डिसेंबरात पुन्हा नेतोय. रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी खुलं होतं, त्यासाठी भावाने गजर लावून ठेवलाय. राहायची सोय या वेळी आईने स्वतः फोन करून ठरवली, मालवणातच, जेटीपासून चालत जाता येईल अशा घरगुती ठिकाणी.