नोंदणीचे काम खरेदीच्या कागदापासून सुरू होते

नवे लॅपटॉप आले की एकेक खोके उघडायचे, प्रत्येकावर तयार इमेज (सिस्टिम व ॲप्सची ठरलेली प्रत) चढवायची, डोमेनला (कंपनीच्या नेटवर्कला) जोडायचे आणि मगच ते कर्मचाऱ्याच्या हाती द्यायचे, ही पद्धत आयटी विभागांनी वर्षानुवर्षे चालवली. ॲपलने २०१४ मध्ये आणि मायक्रोसॉफ्ट व गूगल यांनी २०१७ मध्ये, अनुक्रमे विंडोज ऑटोपायलट आणि अँड्रॉइड झीरो-टच या नावांनी, यावर उपाय दिला: उपकरण थेट कर्मचाऱ्याच्या हाती जाते आणि आपोआप तयार होते. तरीही ही सोय घेतलेल्या कित्येक कार्यालयांत खोकी आजही आयटीच्याच खोलीत फोडली जातात. माझ्या मते यात दोष तंत्रज्ञानाचा नसून खरेदीच्या पद्धतीचा आहे.

उपकरण पहिल्यांदा सुरू होऊन इंटरनेटला जोडले गेले की ते ॲपल, मायक्रोसॉफ्ट किंवा गूगलच्या सर्व्हरला आपण कोणत्या संस्थेच्या मालकीचे आहोत हे विचारते, आणि तशी नोंद सापडली तर संस्थेने ठरवलेल्या एमडीएमकडे, म्हणजे इंट्यूनसारख्या व्यवस्थापन प्रणालीकडे, आपणहून वळते. ही नोंद करण्याची योग्य वेळ विक्रीची असते. झीरो-टचसाठी अँड्रॉइड फोन अधिकृत विक्रेत्याकडूनच घ्यावा लागतो; ॲपलच्या बाबतीत विक्रेत्याला आपल्या संस्थेचा क्रमांक कळवावा लागतो; विंडोज लॅपटॉपचा हार्डवेअर हॅश, म्हणजे त्या यंत्राची ओळख पटवणारा सांकेतिक मजकूर, निर्माता किंवा विक्रेता चढवू शकतो. खरेदी विभागाने दोन पैसे वाचवण्यासाठी कोपऱ्यावरच्या दुकानातून यंत्रे उचलली, तर तोच हॅश प्रत्येक यंत्रावर पॉवरशेल स्क्रिप्ट (विंडोजला द्यायच्या आज्ञांची फाइल) चालवून गोळा करावा लागतो आणि वाचलेले पैसे आयटीच्या वेळेतून वसूल होतात. दुकानातून घेतलेला आयफोन ॲपल कॉन्फिगरेटर या ॲपने मागाहून जोडता येतो खरा, परंतु पहिले ३० दिवस वापरकर्त्याला त्या व्यवस्थापनातून बाहेर पडण्याची मुभा असते. म्हणूनच नोंदणीची अट पर्चेस ऑर्डरमध्येच लिहावी आणि ती पूर्ण झाल्याखेरीज बिल मंजूर करू नये, असा माझा आग्रह असतो.

पहिल्याच लॉगिनला सगळी ॲप्स लादण्याचा मोहही आवरायला हवा. ज्यांच्यावाचून काम अडते तेवढीच सक्तीची ठेवावीत. बाकीची मागाहून उतरतील.

पुढच्या देखभालीत सर्वांत महागात पडते ते ॲपलचे पुश प्रमाणपत्र, ज्याच्या आधारे एमडीएम ॲपलच्या उपकरणांशी संपर्क ठेवते. त्याची मुदत एक वर्षाची असते आणि ज्या ॲपल खात्यातून ते काढले त्याच खात्यातून त्याचे नूतनीकरण करावे लागते. नवे प्रमाणपत्र काढले, तर आधीची सर्व उपकरणे पुन्हा नोंदवावी लागतात. त्यामुळे ते खाते एखाद्या प्रशासकाच्या वैयक्तिक पत्त्यावर नव्हे, तर विभागाच्या सामाईक ईमेलवर असावे, कारण माणसे नोकरी बदलतात (आणि जाताना पासवर्ड सांगून जातातच असे नाही). विंडोज लॅपटॉपचा मदरबोर्ड बदलला की हार्डवेअर हॅशही बदलतो, तेव्हा दुरुस्तीहून परतलेल्या यंत्राची जुनी नोंद काढून नवी करावी लागते.

जुनी यंत्रे विकतानाही हीच नोंद आडवी येते. ती रद्द न करता लॅपटॉप विकला, तर खरेदीदाराने तो पूर्ण पुसून पुन्हा सुरू केला तरी पडद्यावर आपल्याच कंपनीचे लॉगिन पान उघडते. यासाठी विक्रीच्या मंजुरीपत्रकात नोंद रद्द केल्याचा एक रकाना ठेवावा आणि त्यावर आयटीची सही झाल्याशिवाय यंत्र दाराबाहेर जाऊ देऊ नये.