डिरेलर उतरवला, हब बसवलं: कोकणच्या सायकलीची पुढची नोंद

कोकणात सामान घेऊन फिरायच्या सायकलीवरचा डिरेलर, म्हणजे चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर सरकवणारी यंत्रणा, काढून त्याजागी गिअर पोटात असलेलं हब (चाकाचा मधला भाग) बसवलं. मागचं चाक बांधून तयार आहे. शिमानो अल्फिन, आठ गिअरचं हब, ३६ स्पोक. हबची फ्लॅन्ज (स्पोक अडकतात ती कडा) मोठी असल्याने स्पोक आखूड लागले, आणि शेजारी कॅसेट (दातेरी चक्रांची चळत) नसल्याने दोन्ही बाजूंचा ताण जवळजवळ सारखा बसला. पॅनियर (चाकाशेजारी लटकवायच्या बॅगा) लादलेल्या सायकलीला असं चाक मोलाचं.

डोकं खाल्लं ते दातांच्या हिशेबाने. या हबची रेंज ३०७ टक्के, म्हणजे सगळ्यात जड गिअर सगळ्यात हलक्याच्या जेमतेम तिप्पट. एवढ्यात कोकण बसवायचं, तर वरची, जड गिअरची बाजू सोडून द्यावी आणि चढ सांभाळावा, असं माझं ठाम मत झालंय. म्हणून पुढच्या चक्राला ३८ आणि मागच्याला २० दात, म्हणजे १.९ पट. हबमधल्या पहिल्या गिअरचं गुणोत्तर ०.५२७ आहे, दोन्हींचा गुणाकार जवळजवळ एक, त्यामुळे पॅडलच्या एका फेऱ्यात चाकाचाही एकच फेरा होतो. ३५ मिमी टायरवर तेवढ्यात सायकल साधारण २.१७ मीटर पुढे जाते. मिनिटाला ६० फेरे मारले तर ताशी पावणेआठ किलोमीटर. सामानासकट सडा (कोकणातलं कातळाचं पठार) चढायला हा वेग मला पुरतो. आठव्यात एका फेऱ्याला साडेसहा मीटरच्या वर जातो, त्याहून जड गिअर किनाऱ्याच्या रस्त्यावर लागतोच कुठे?

हे हब मला का आवडलं, ते दाभोळ-धोपावे किंवा तवसाळ-जयगड केलेल्यांना लगेच कळेल. फेरीबोटीतून उतरलं, जेटी सोडली, की लगोलग चढ. डिरेलरवर जड गिअरमध्ये थांबलात तर तिथेच अडकलात. चाक फिरल्याशिवाय चेन सरकत नाही. हबमध्ये उभ्या उभ्या पहिला टाकता येतो. चालत्या सायकलवर मात्र गिअर टाकताना पॅडलवरचा जोर क्षणभर काढावा. चढावर ही सवय पायांना मुद्दाम लावावी लागते, पण लागते.

गिअरमधली अंतरं सारखी नाहीत, हा याचा खरा उणेपणा. कुठे १४ टक्के, कुठे २२. पाचव्यातून सहाव्यात जाताना पायांना झटका जाणवतो. रोलॉफच्या १४ गिअरच्या हबमध्ये प्रत्येक पायरी साडेतेरा टक्क्यांच्या आसपास आणि रेंज ५२६ टक्के. लडाखला सामान घेऊन जायचं असेल तर मी तेच घेईन, किंमत कितीही टोचली तरी. कोकणासाठी आठ पुरेत.

पंक्चरची तयारी आधीच करून ठेवा. चाक काढायचं तर गिअरची केबल सोडवावी लागते आणि एक्सलच्या नटांना १५ चा पाना लागतो. चाक परत बसवल्यावर चौथा गिअर टाकून हबवरच्या पिवळ्या खुणा एका रेषेत आल्या का, ते बघायचं; नसतील तर केबलचा ॲडजस्टर फिरवायचा. घरी निवांतपणे दोन-चारदा करून बघा, म्हणजे रस्त्यात घाई होत नाही.

आता चेनकेस उरलाय. चेन एकाच रेषेत धावते, त्यामुळे ती पूर्ण झाकता येईल आणि लाल माती बाहेरच राहील. माझ्या फ्रेमला बसेल असा कुणाच्या पाहण्यात असेल तर जरूर सांगा.