झ्यूस येईपर्यंत: वाड्याचा चौक १२ जीबीत बसवताना

मंडळी, आजोळच्या वाड्याचा चौक मी संगणकात उभा करतोय, आणि उसळत जाणाऱ्या उजेडाच्या किरणांचा माग काढून त्याचं चित्र काढतोय. यालाच पाथ ट्रेसिंग म्हणतात. मागच्या वेळी समईच्या उजेडापाशी अडलो होतो. ती एकदाची सुटली. ज्योत एवढीशी, त्यामुळे इकडेतिकडे उसळणारा किरण नेमका तिच्यावर जाऊन आदळण्याची शक्यता फारच कमी. पिक्सेलमागे, म्हणजे चित्राच्या एका ठिपक्यामागे, हजार नमुने (किरणाच्या हजार वेगवेगळ्या वाटा) घेतले तरी भिंत रव्यासारखी दाणेदार दिसायची. आता किरण जिथे जिथे टेकतो तिथून एक जादा किरण थेट ज्योतीकडे सोडतो, वाटेत आडवं काही आलं का एवढंच बघतो. ६४ नमुन्यांत भिंत स्वच्छ! समईच्या पितळेवरून उसळून फरशीवर पडणारी तिरीप मात्र अजून ठिपकेदारच आहे. तिथे ही युक्ती लागू पडत नाही, कारण तो उजेड ज्योतीकडून सरळ येतच नाही. त्याचं पुढे बघू.

आता ज्याच्यासाठी हे सगळं चाललंय त्या कार्डाकडे येतो. कॅलिफोर्नियातल्या बोल्ट ग्राफिक्स या छोट्या कंपनीने मार्च २०२५ मध्ये झ्यूस हे ग्राफिक्स कार्ड जाहीर केलं. आतले गाभे (कोअर) रिस्क-फाइव्ह या खुल्या प्रोसेसर-रचनेचे आणि सगळा भर पाथ ट्रेसिंगवर. सर्वांत लहान कार्ड १२० वॅटचं, आणि ते सेकंदाला ७७ गिगारे, म्हणजे ७,७०० कोटी किरण सोडेल असा कंपनीचा दावा. मी कागदावर मांडून पाहिलं. १९२० गुणिले १०८० म्हणजे २०,७३,६०० पिक्सेल, सेकंदाला ६० चित्रं धरली तर प्रत्येक चित्रात प्रत्येक पिक्सेलच्या वाट्याला ६१९ किरण येतात. एका नमुन्याला माझ्याकडे सरासरी आठ किरण लागतात, म्हणजे ७७ नमुने. समईची भिंत ६४ मध्ये साफ होते. म्हणजे ती समई डोळ्यांदेखत हलती-फिरती बघता येईल! माझ्या सध्याच्या १२ जीबीच्या ३०६० कार्डावर मी हाताने लिहिलेला ट्रेसर, म्हणजे किरण सोडणारा प्रोग्राम, सेकंदाला जेमतेम ४० कोटी किरण सोडतो.

तरी या आकड्यावर मी फार विसंबत नाही. घोषणेच्या वेळचे आकडे सिम्युलेशनमधले होते, तयार चिपवर मोजलेले नव्हते. शिवाय किरण कशाला म्हणायचं, दृश्य किती गुंतागुंतीचं, किरण एका दिशेने जातात की विखुरतात, यावर हा आकडा कितीतरी पट बदलतो. आणि घोषणा हवेत विरल्याचं आधीही झालंय. फिनलंडच्या बिटबॉईज कंपनीने १९९९ मध्ये ग्लेझ थ्रीडी हे ग्राफिक्स कार्ड जाहीर केलं होतं. चिपच्या पोटातच ९ एमबी मेमरी, ऐकूनच भारावून जावं असं. ते कार्ड बाजारात आलंच नाही.

मला झ्यूसमध्ये खरं भावलंय ते वेगळंच. कार्डावर ३२ जीबी मेमरी पक्की बसवलेली, आणि शिवाय लॅपटॉपला लावतो तसल्या डीडीआर५ रॅमसाठी दोन खाचा. सगळी मिळून १६० जीबीपर्यंत. माझ्याकडे जुन्या बाजारातून आणलेलं मॅट्रॉक्सचं मिलेनियम जी२०० आहे. त्यावर मेमरीची छोटी पट्टी तिरपी घालून खाली दाबली की दोन्ही बाजूंचे कान टक्कन बसतात आणि ८ एमबीचे १६ होतात. १९९८ मधलं कार्ड! ही सोय ग्राफिक्स कार्डांतून गेली याची मला मनापासून हळहळ वाटते. आजोळच्या वाड्याचा चौक मी ६४० फोटोंवरून उभा केलाय. तुळशीवृंदावन, ओसरीचे खांब, दगडी फरशी, सगळं आलं. पण पोत, म्हणजे भिंती-फरशीवर चढवायची चित्रं, पूर्ण बारकाव्यानिशी घेतले की १२ जीबी कुठल्या कुठे उडून जातात. मला वेगाआधी जागा हवी आहे.

अर्थात दोन्ही मेमरी सारख्या नाहीत. पक्क्या मेमरीचा वेग सेकंदाला २७३ जीबी, खाचांतल्या रॅमचा सुमारे ९०. मग कुठे काय ठेवायचं? याची तालीम गेले तीन आठवडे माझ्याच मशीनवर चालली आहे. कार्डाची मेमरी ही वेगवान फळी आणि मदरबोर्डवरची रॅम ही संथ फळी, असं धरून चाललो.

आधी चुकीचं सामान संथ फळीवर गेलं. दृश्य त्रिकोणांचं बनलेलं असतं, आणि किरण कुठल्या त्रिकोणावर आदळतो ते पटकन शोधायला त्यांची फांद्या-फांद्यांची मांडणी करतात, तो बीव्हीएचचा वृक्ष. तो तिकडे टाकला आणि एका चित्राला ११ सेकंदांऐवजी साडेसहा मिनिटं लागली. कारण उघड आहे. एकेक किरण त्या वृक्षाच्या डझनावारी गाठी वाचत खाली उतरतो, आणि दर गाठीला संथ फळीपर्यंत हेलपाटा. मग वृक्ष आणि त्रिकोण परत कार्डावर आणले, फक्त पोत रॅममध्ये ठेवले. पोत वाचायचा तो किरण टेकल्यावरच, तोही एकदा. आता १६ सेकंद लागतात. पाच सेकंद जास्त, पण चौक पूर्ण बारकाव्यानिशी बसला! ओसरीच्या खांबावर लहानपणी आम्ही कोरलेली रेघ त्यात पहिल्यांदाच दिसली.

पुढचं काम असं: फरशीचे पोत सारखे वाचले जातात, तेवढे वेगवान फळीवर हलवायचे. पोताच्या प्रत्येक तुकड्याला एक मोजणी लावली आहे, शंभर चित्रांनंतर ज्यांची मोजणी जास्त ते वर जातील. कोणी असं आधी केलं असेल तर तुकडा केवढा घेतलात ते जरूर सांगा. मी सध्या १२८ गुणिले १२८ पिक्सेलवर आहे, आणि खांबांपाशी तो जरा जास्तच मोठा पडतोय असं वाटतंय.